ऑर्गनच्या पोटातलं ट्रम्पेट

दादा त्या रात्री हॉलवर गेला तो ऑर्गन सुरात लावायला. एवढंच काम होतं. खांद्यावर पिशवी, पिशवीत पातळ पात्याचा चाकू, पकड, टॉर्च आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली दोन सँडविच. भुताला भेटायला कोणी सँडविच बांधून नेत नाही, एवढं तरी मान्य कराल ना?

हसू नकोस गं. आणि तो पंखा एकवर कर, माझ्या आवाजाला आता पंख्याशी भांडायची ताकद नाही. तुम्ही वरच्या मजल्यावरची शिकलेली पोरं, तुम्हाला सगळ्याचं कारण लागतं. पण मधेच 'काका, याचं शास्त्रीय कारण काय?' असं कुणी विचारलं, तर त्यानं आत्ताच जिना चढून झोपायला जावं.

दादा म्हणजे माझा सख्खा मावसभाऊ. माझ्याहून मोठा. त्याच्या तोंडून मी हे ऐकलंय आणि बाकीचं डोळ्यांनी पाहिलंय. दोन वर्षं झाली. नोव्हेंबरातला शेवटचा शुक्रवार. दुसऱ्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, हॉलला शंभर वर्षं झाली म्हणून कार्यक्रम होता. थंडी अशी पडलेली की लोखंडी कठड्याला हात लावला की हात मागे यायचा.

ऑर्गन म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे टेबलाएवढी पेटी येते. हा तसला नव्हे. हा नळ्यांचा. मंचामागची अख्खी भिंत म्हणजे ऑर्गन. वाजवणारा खाली बसतो, आणि भिंतीमागे एक उंच खोलीच असते म्हणा ना, ऑर्गनचं पोट. शिडीनं वर चढायचं, अरुंद फळीवरून आडवं चालायचं, आणि दोन्ही बाजूंना नळ्याच नळ्या. करंगळीएवढ्या, आणि विजेच्या खांबाएवढ्यासुद्धा. तळघरात मोटर असते, ती हवा भरते. खाली पट्टी दाबली की वर तिची नळी बोलते. त्यात बासरीसारखं बोलणाऱ्या नळ्यांची एक रांग, आणखी कसल्या कसल्या रांगा, आणि एक रांग ट्रम्पेटची. हो, ऑर्गनच्या पोटात ट्रम्पेटही असतं. ऐकून फसाल इतकं हुबेहूब. या ट्रम्पेटच्या नळ्यांत पितळेची पातळ जीभ असते आणि ती जीभ दाबून धरणारी एक तार. थंडी पडली की बाकीच्या नळ्या उतरतात, या तशाच राहतात, म्हणून कार्यक्रमाच्या आदल्या रात्री त्या पुन्हा जुळवाव्या लागतात. रात्रीच का? तर दिवसा हॉलमध्ये खुर्च्या ओढतात, पोरं पळतात, सूर ऐकू कसा येणार?

आता मुख्य गोष्ट लक्षात ठेवा. हे काम दोघांचं. एक जण वर, नळ्यांत, चाकूनं तारेवर टिकटिक करत. दुसरा खाली, पट्टी दाबून. वरचा सूर लावतो आणि ओरडतो, 'पुढे!' खालचा पुढची पट्टी दाबतो. वरच्याला खालचा दिसत नाही, खालच्याला वरचा दिसत नाही. आणि खालच्यानं बोलायचं नसतं. बोललं की कान बिघडतो. त्याचं उत्तर म्हणजे पुढची पट्टी.

दादाच्या पट्ट्या कायम वहिनी धरायची.

वहिनीचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. दादा, वहिनी आणि दादाचा मित्र, ट्रम्पेटवाला, यांची दोस्ती कॉलेजपासूनची. त्यात वहिनीनं आधी लग्न केलं ट्रम्पेटवाल्याशी. दादा बिनलग्नाचा राहिला. का राहिला, ते आम्हा घरच्यांना ठाऊक होतं आणि विचारायची कुणाची छाती नव्हती. ट्रम्पेटवाला माणूस मोठा दिलदार. हसला की शेजारच्या इमारतीत कळायचं. दादा अबोल, खालमानेचा. दोघं मिळून वाजवायचे, गावोगाव जायचे, आणि वहिनी पहिल्या रांगेत.

त्यांचा एक ठरलेला कॉन्चेर्टो होता. तीनशे वर्षांपूर्वीची, बरोक म्हणतात त्या काळातली रचना. एक ट्रम्पेट, एक ऑर्गन, तीन भाग. पहिला भाग धावता, तिसरा धावता, आणि दोन्हींत ट्रम्पेट नुसतं सोन्यासारखं लखलखतं. लोक ट्रम्पेटच ऐकतात. ऑर्गन आपला हमालासारखा खालून उचलून धरतो. पण मधला भाग संथ, आणि त्यात ट्रम्पेट गप्प. त्या काळच्या ट्रम्पेटला बोटांनी दाबायचे खटके नव्हते, सगळे सूर निघायचे नाहीत, म्हणून संथ भागात त्याला विश्रांती देऊन टाकायचे. तेवढा वेळ ट्रम्पेटवाला वाद्य काखेत धरून उभा राहतो आणि ऑर्गन एकटा बोलतो. तो मधला भाग म्हणजे दादाची हक्काची जागा. सबंध संध्याकाळमधली एवढीच.

ऑर्गनवाल्याची प्रेक्षकांकडे पाठ असते. मागचं दिसावं म्हणून समोर एक छोटा आरसा टांगलेला असतो. त्या आरशात दादाला पहिली रांग दिसायची. मधला भाग सुरू व्हायचा, दादा जीव ओतायचा, आणि मान वर करून आरशात बघायचा. वहिनी ट्रम्पेटवाल्याकडे बघत असायची. तो काही करत नसायचा हो! नुसता उभा! कधी नाक खाजवायचा. आणि ही त्याच्याकडे बघायची, गाल तळहातावर ठेवून. वाजवतोय हा, आणि बघते ती त्याच्याकडे. वर्षानुवर्षं.

दादा जळायचा. साध्या मराठीत सांगतो, जळायचा. तोंडानं 'वा मित्रा' म्हणायचा आणि आतून अंगाचा तिळपापड.

मग ट्रम्पेटवाला गेला. ध्यानीमनी नसताना. सकाळी खुर्चीत बसल्या बसल्या मान टाकली, हृदय थांबलं, संपलं. दादा खरंच रडला, खोटं कशाला सांगू? त्यानंच सगळं निस्तरलं, कागदपत्रं केली, वहिनीला सांभाळलं. दोन वर्षांनी दोघांनी नोंदणी करून लग्न केलं. केस पिकलेले दोघांचे, साक्षीला मी. दादाचा चेहरा तेव्हा बघायला हवा होता. शाळेत पहिला नंबर आलेल्या पोरासारखा.

वाटलं, झालं, मिळालं सगळं. पण सुंभ जळला तरी पीळ कुठे जातो? जित्या माणसाशी निदान भांडता येतं. मेलेला माणूस म्हातारा होत नाही, घोरत नाही, ओला टॉवेल पलंगावर टाकत नाही. त्याच्यापुढे टिकाव कसा लागणार? घरात त्याचं नाव निघत नसे. वहिनी फार तर 'तुमचे मित्र' म्हणायची. दादा तेवढंही म्हणायचा नाही. पण कपाटाच्या खालच्या फळीवर ट्रम्पेट होतं. महिन्यातून एकदा वहिनी ते काढायची, पुसायची, खटक्यांना तेलाचा थेंब सोडायची. 'नाही तर धरतात हो,' म्हणायची. दादा समोर वर्तमानपत्र वाचत बसायचा. एकदा मी गेलो तेव्हा त्यानं ते उलटं धरलं होतं.

तर हॉलवाल्यांनी नेमका तोच कॉन्चेर्टो मागितला. लोकांना आठवण होती. दादा हो म्हणून आला. त्या शुक्रवारी संध्याकाळी वहिनीनं विचारलं, "ट्रम्पेटला कोण येतंय उद्या? तुम्ही सांगितलंच नाहीत."

"कोणी नाही. मीच वाजवणार."

"तुम्ही?"

"ऑर्गनमध्ये ट्रम्पेटची रांग आहे की. उजव्या हातानं ट्रम्पेट, डावा हात आणि पाय बाकीचं बघतील. किती जण वाजवतात तसं."

"ते वाजवू देत. तुम्ही नका वाजवू."

"का? मला जमायचं नाही?"

"जमेल हो. तुम्हाला काय जमत नाही?" वहिनी हातातला कपडा घडी करत होती, म्हणे. एकच घडी पुन्हा पुन्हा. "पण ट्रम्पेटमध्ये माणूस श्वास घेतो. तुमच्या ऑर्गनला श्वास घ्यावाच लागत नाही."

"मग चांगलंच आहे ना ते!"

"चांगलं कसलं? तो श्वास घ्यायला थांबायचा ना, तेव्हा माझाही थांबायचा."

'तो' म्हणाली. 'तुमचे मित्र' नाही. लग्नानंतर पहिल्यांदा. दादाच्या डोक्यात कसं गेलं असेल बघा. आणि जे बोलू नये ते बोलून बसला.

"एवढं आहे तर त्याच्याच मागे जायचं होतंस."

वहिनीनं घडी केलेला कपडा खुर्चीवर ठेवला. मग म्हणाली, "जा एकटेच. पट्ट्या धरायला मी येणार नाही." आत गेली आणि माझ्या बायकोला फोन केला, 'जरा येतेस का सोबतीला?' म्हणून. ही माझी बायको रात्रभर तिच्याजवळ होती. हे मी आत्ताच सांगून ठेवतो. पुढे कुणी फाटे फोडू नका.

दादानं स्वतःच सँडविच केली, वाईट केली, आणि निघाला.

हॉलच्या मागच्या दाराशी वॉचमन शेगडीवर हात शेकत बसला होता. "आज बाई नाहीत?" त्यानं विचारलं.

"नाहीत," दादा म्हणाला आणि आत गेला.

मोटर सुरू केली. मंचावरचा एक दिवा लावला, बाकी हॉल काळोखात. एकट्यानं सूर लावायचा म्हणजे काय छळ असतो, सांगतो. पुठ्ठ्याची पाचर करून पट्टीत अडकवायची, की पट्टी दबलेली राहते. मग मागे जायचं, शिडी चढायची, फळीवरून नळीपर्यंत जायचं, चाकूनं तार ठोकायची, सूर जुळला की परत खाली. पाचर काढायची, पुढच्या पट्टीत घालायची. पुन्हा वर. दादा साठी ओलांडलेला माणूस. चार-पाच नळ्यांतच गुडघे बोलायला लागले. थंडीत घाम. आणि तोंडानं पुटपुटणं चालूच. 'नको येऊस. काही अडलं नाही माझं.'

मग एक नळी जुळली. छान जुळली. सूर असा काचेसारखा स्वच्छ झाला. आणि दादा ओरडला...

"पुढे!"

सवय हो. इतक्या वर्षांची सवय. तोंडातून निघून गेलं. ओरडल्यावर स्वतःशीच हसला, वेड्यासारखा, आणि खाली जायला वळला.

सूर थांबला.

पुढचा सूर लागला.

दादा फळीवर तसाच उभा. टॉर्चच्या उजेडात शेजारची नळी बोलत होती. म्हणजे खाली कुणीतरी पाचर काढली होती आणि पुढची पट्टी दाबली होती. आणि त्याला वाटलं काय, माहितेय? भीती नाही. आनंद. आली! रागावली, भांडली, पण शेवटी आली. वॉचमन तिला ओळखतो, सोडलं असणार आत.

"आलीस ना?" तो वरूनच म्हणाला.

उत्तर नाही. सूर तसाच. बोलायचं नसतं, हा नियम वहिनी कटाक्षानं पाळायची. दादानं मुकाट्यानं तार ठोकली. "पुढे!"

पुढची पट्टी.

काम झरझर व्हायला लागलं. पुढे, पुढे, पुढे. दादाचं मन हलकं झालं. आणि मन हलकं झालं की माणूस बोलतो.

"रागावलीस माझ्यावर?"

पुढचा सूर. जरा उशिरानं.

"मी तसं बोलायला नको होतं. जीभ घसरली." टिक, टिक, टिक. "पण तूही बघ ना. श्वास काय, थांबायचा काय... एवढं काय होतं त्याच्या वाजवण्यात? फुंकायचं आणि मिरवायचं. खालून ओझं मीच उचलत होतो."

सूर बंद झाला.

"पुढे!"

काही नाही.

"पुढे! अगं!"

नाहीच. मोटरची घरघर तेवढी. दादानं उसासा टाकला. त्याला हसूसुद्धा आलं थोडं. "बरं बाई. होता चांगला. माझ्याहून चांगला होता. झालं समाधान?"

सूर लागला.

आता दादाला राहवेना. इतकी वर्षं पोटात दाबलेलं. अंधार होता, ती दिसत नव्हती, म्हणून सोपं होतं. चाकू चालवता चालवता तो बोलत सुटला. "तुला माहीत होतं का गं, मला आरशात दिसायचं? मधला भाग माझा असायचा. एकट्याचा. मी तुझ्यासाठी वाजवायचो. आणि तू त्याच्याकडे बघायचीस. तो नुसता उभा असायचा, तरी. एकदासुद्धा माझ्याकडे बघितलं नाहीस. मी मोजत नव्हतो, पण एकदासुद्धा नाही."

सूर लांबत राहिला. लांबत राहिला. दादाला वाटलं, रडत असेल खाली.

मग एक नळी खरखरायला लागली. जिभेत कचरा अडकला की होतं तसं. "सोड," तो म्हणाला. सूर थांबला. दादानं नळी दोन्ही हातांनी धरून भोकातून उपसून काढली, फळीवर टेकून बसला, बूड उघडलं, आणि जिभेखालून कागदाची पट्टी फिरवून कचरा काढू लागला.

तोच सूर लागला.

खरखर नाही. स्वच्छ. गोल. मऊ.

त्याच नळीचा सूर. आणि नळी... दादाच्या मांडीवर.

तो बघत राहिला. नळीकडे. रिकाम्या भोकाकडे. भोकातून हवासुद्धा येत नव्हती. म्हणजे पट्टी दाबलेलीच नव्हती. आणि सूर वरून येत नव्हता. खालून येत होता. मंचाच्या उजव्या कडेकडून. जिथे ट्रम्पेटवाला उभा राहायचा.

सूर थांबला.

आणि मग दादानं ते ऐकलं.

श्वास.

एका माणसानं घेतलेला, भरून, नाकातोंडानं... वाजवायच्या आधी घेतात तसा.

दादा मला म्हणाला, "अरे, ऑर्गन श्वास घेत नाही रे." एवढंच वाक्य तो तीनदा म्हणाला.

पुन्हा सूर. आणखी एक. मग पहिल्या भागाची सुरुवात, जिच्यावर लोक खुर्च्यांत सरसावून बसायचे. तसंच. अगदी तसंच. तोच डौल.

तुम्ही असतात तर पळाला असतात. मीही पळालो असतो, या दुखऱ्या गुडघ्यांसकट. पण दादाला आधी भीती वाटली नाही. राग आला. इतक्या वर्षांचं सगळं एकदम उसळून आलं. मांडीवरची नळी फेकून तो उभा राहिला आणि ओरडला.

"इथेही? इथेही तूच? मेलास ना? मग सोड ना आता! घर माझं, बायको माझी... आणि ऐकतात तुलाच! असं आहे तरी काय तुझ्यापाशी? दे की मला! एकदा तिला माझ्याकडे तसं बघू दे. एकदाच. मग तुला काय घ्यायचं ते घे!"

ट्रम्पेट थांबलं.

मोटरही थांबली. कुणी बंद केली नाही. आपोआप.

टॉर्च... गेला.

काळोख. इतका की डोळे उघडे आहेत की मिटलेले, कळेना.

शिडी करकरली.

एक पायरी... मग दुसरी... घाई नव्हती. ओळखीच्या घरात माणूस वर येतो ना, तसं.

"कोण?" दादा म्हणाला.

फळी दबली. दादाच्या पायाखाली ती कळली. कुणीतरी तिच्यावर आलं होतं.

मागे भिंत. दोन्हीकडे नळ्या.

"अरे... मी... मी तसं..."

फळी पुन्हा दबली. अगदी जवळ.

मग ओठांना काहीतरी लागलं.

थंड. धातूचं.

दाबत गेलं. दाबत गेलं...

आणि श्वास. पुन्हा तोच श्वास, भरून, खोल. पण या वेळी तो खालून आला नाही. समोरूनही नाही. दादाची स्वतःची छाती फुगत होती. तो घेत नव्हता. ती फुगत होती.

एवढंच त्याला आठवतं.

थांबा जरा. पाणी दे रे कुणीतरी.

उजाडताना वॉचमनला दादा मंचावर सापडला. उजव्या कडेला, उभा. हात दोन्ही बाजूंना लोंबलेले. वॉचमननं त्याला खुर्चीवर बसवला, गरम चहा पाजला. मी नंतर मुद्दाम त्या वॉचमनला गाठलं. त्याला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, म्हणून त्याच्यावर माझा विश्वास. तो म्हणाला, "साहेबांनी रात्री फार छान वाजवलं. आधी जोरात ट्रम्पेट. मग मधे बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं, झोपले. मग पुन्हा जोरात, आणि संपलं." मधे बराच वेळ काहीच नाही. ट्रम्पेटवाला आपला भाग वाजवून ऑर्गनसाठी थांबला होता. त्याचा दिलदारपणा मेल्यावरही गेला नाही बघा. याचा अर्थ मी दादाला सांगितला नाही.

दादा घरी गेला. दार वहिनीनं उघडलं, मागे माझी बायको. वहिनी काहीतरी बोलणार होती, रात्रीच्या भांडणाचंच. तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. ती त्याच्याकडे बघत राहिली. दादा म्हणतो, त्याला वाटलं, आपण या नजरेची किती वाट पाहिली, आणि ती आज अशी बघतेय. डोळे भरून. आयुष्यभर हवं होतं तसं.

मग तिनं हात पुढे केला आणि बोट त्याच्या ओठांना लावलं.

ओठांवर कडं होतं. गोल, नाण्याएवढं, नाकाच्या खालून, वरच्या ओठावरून खालच्या ओठापर्यंत. जन्मभर ट्रम्पेट फुंकणाऱ्यांच्या तोंडावर पडतं ना, वाद्याच्या तोंडाचा वळ, तसं. एका रात्रीत उमटत नाही ते, वर्षं जावी लागतात. आणि दादानं तर जन्मात ट्रम्पेटला तोंड लावलं नव्हतं. ते कडं ओठांच्या मधोमधही नव्हतं. जरा डावीकडे होतं. ट्रम्पेटवाल्याचा पुढचा एक दात वाकडा, म्हणून तो वाद्य डावीकडे सरकवून धरायचा. हे कुणाला माहीत असणार? बायकोला. वहिनी बोट त्या कड्यावरून फिरवत राहिली. माझी बायको आत निघून गेली. तिला ते बघवेना.

संध्याकाळी कार्यक्रम झाला. दादानं ट्रम्पेटची रांग उघडलीच नाही. फक्त मधला भाग वाजवला. त्याच्या आयुष्यातलं सर्वांत चांगलं वाजवणं, हे मी सांगतो, मी होतो तिथे. वाजवता वाजवता त्यानं आरशात पाहिलं. वहिनी पहिल्या रांगेत होती, गाल तळहातावर. आरशातून त्याच्याकडेच बघत होती, क्षणभरही नजर न हलवता. पण डोळ्याला डोळा भिडेना. तिची नजर जरा खाली होती.

डॉक्टर झाले. मलमं झाली. 'जाईल, जाईल' म्हणाले सगळे. मग दादानं मिशी वाढवली. जन्मात मिशी न ठेवलेला माणूस. छान दाट आली, पांढरी. पण त्या कड्यावर केस उगवला नाही. मिशीच्या मधून एक गोरी रेघ, अर्ध्या बांगडीसारखी. लपवायला गेला आणि जास्तच दिसायला लागलं.

एके दिवशी वहिनीच म्हणाली, "काढून टाका ना ती मिशी. बरी नाही दिसत."

त्यानं काढली. आता रोज सकाळी गुळगुळीत दाढी करतो. चहाला वहिनी समोर बसते. भांडण नाही, कुरकुर नाही, कपाट उघडून ट्रम्पेट पुसणंही आता बंद. त्याच्याकडे बघत असते, माया भरलेल्या डोळ्यांनी. बघणाऱ्याला वाटावं, काय जोडपं आहे!

"ती कोणाकडे बघते रे?" दादानं मला एकदा विचारलं. मी म्हटलं, "तुझ्याकडे, आणखी कोणाकडे?" माझं मलाच खरं वाटलं नाही.

गेल्या रविवारी जाऊन आलो. दादा झोपेतून उठून दार उघडायला आला होता. ओठांवरचं कडं लालसर होतं, थोडं ओलं. आत्ताच वाजवून उठल्यासारखं.